नक्कल, बेरीज आणि ग्रेस हॉपर

संगणकाच्या प्रोग्रॅममधील चुकीला 'बग' का म्हणतात, असे कुणी विचारले की हमखास एक पतंग उडत येतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या यंत्रात ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये, एक पतंग अडकून मेलेला सापडला. कुणीतरी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी गमतीची एक ओळ लिहिली. ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या वॉशिंग्टनमधील संग्रहालयात आहे. या गोष्टीची नायिका म्हणून ग्रेस हॉपर यांचे नाव घेतले जाते. प्रत्यक्षात तो पतंग त्यांनी पकडला नव्हता. 'बग' हा शब्दही त्यांचा नव्हे. यंत्रातील छुप्या दोषासाठी थॉमस एडिसनने तो १८७८ मध्येच वापरलेला आहे. हॉपरबाईंना ही गोष्ट रंगवून सांगायला आवडे, एवढेच खरे.

पण या पतंगाने त्यांचे खरे काम झाकून टाकले. अडकलेला पतंग चिमट्याने काढता येतो. हजार आकड्यांची नक्कल करताना दमलेल्या माणसाकडून एक आकडा चुकला, तर तो शोधायला चिमटा नसतो. असे आकडे मुळात माणसाने लिहायचेच कशाला, हा प्रश्न हॉपर यांनी विचारला आणि त्याचे उत्तर यंत्राकडूनच करवून घेतले. आज प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखाली जी हत्यारे असतात, त्यांचा वंश तिथवर जातो.

ग्रेस ब्रूस्टर मरी हिचा जन्म न्यूयॉर्कमध्ये ९ डिसेंबर १९०६ रोजी झाला. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची, विशेषतः भूमितीची ओढ होती, पण त्या काळी मुलींना त्या वाटेने फार पुढे जाता येत नसे. आईचे वडील सिव्हिल इंजिनीअर. आजोबा नातीला जमीन मोजायला बरोबर नेत. सात वर्षांची असताना घरातले गजराचे घड्याळ कसे चालते हे बघायला ग्रेसने ते उघडले. परत जोडता येईना, म्हणून नमुन्यासाठी दुसरे उघडले. तेही जमेना. असे करत सात घड्याळे सुटी झाली, तेव्हा घरच्यांना पत्ता लागला. आईने रागावण्याऐवजी एवढाच नियम केला, की यापुढे खेळायला एकच घड्याळ.

पुढे वडिलांच्या रक्तवाहिन्या कठीण होत गेल्या आणि दोन्ही पाय गमवावे लागले. आपल्यामागे मुलींना स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, यावर ते ठाम होते. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत ग्रेस लॅटिनमध्ये नापास झाली. वर्षभर थांबून तिने व्हासार कॉलेजात प्रवेश मिळवला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतली, १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितातील डॉक्टरेट. दरम्यान व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झाले आणि व्हासारमध्येच गणित शिकवण्याची नोकरीही लागली. सगळे सुरळीत चालले होते. दुसरे महायुद्ध आले नसते, तर ग्रेस हॉपर हे नाव व्हासारच्या माजी विद्यार्थिनींपलीकडे कुणाला माहीत झाले नसते.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर त्यांनी नौदलात जायचे ठरवले. वय सदतिसाच्या घरात, वजन जेमतेम ४७-४८ किलो. नौदलाच्या किमान अटीपेक्षा ते सात किलोंनी कमी होते. शिवाय गणिताचे प्राध्यापक देशात हवेत म्हणून सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. या सर्व अडचणींतून सवलती मिळवत डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. २ जुलै १९४४ रोजी त्या हार्वर्डमध्ये हजर झाल्या. समोर होते 'मार्क वन': ५१ फूट लांब, ८ फूट उंच, सुमारे साडेसात लाख सुट्या भागांचे, सेकंदाला तीन बेरजा करणारे यंत्र. प्रमुख हॉवर्ड एकेन यांनी स्वागतात वेळ घालवला नाही. यंत्र दाखवले आणि येत्या गुरुवारपर्यंत एका त्रिकोणमितीय फलनाचे गुणांक काढून मागितले. हे यंत्र चालवायचे कसे, हे शिकवणारे पुस्तक नव्हते. पुढे ते ५६१ पानांचे पुस्तक हॉपर यांनीच लिहिले.

मार्क वनला आज्ञा द्यायच्या त्या कागदी पट्टीला भोके पाडून. एका ओळीत २४ जागा. कुठे भोक पाडायचे, कुठे नाही, यावर आज्ञेचा अर्थ ठरे. एक भोक चुकले की गणित चुकले. युद्ध चालू होते, यंत्र रात्रंदिवस चालत होते आणि आकडेमोड तोफांच्या माऱ्यापासून अणुबॉम्बपर्यंत कशाची होती, हे ती करणाऱ्यांना दर वेळी सांगितले जात नसे. जॉन फॉन नॉयमन यांनी आणलेले एक समीकरण कशासाठी होते, हे हॉपर यांना नंतर कळले. अशा वातावरणात एकदा बरोबर चाललेला आज्ञांचा तुकडा म्हणजे सोने. हॉपर आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक यांनी असे तुकडे वह्यांमध्ये जपून ठेवायला सुरुवात केली. एकाला 'साइन'ची किंमत काढायचा तुकडा हवा असला, की तो दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचा. ब्लॉक हे शाईने प्रोग्रॅम लिहीत आणि तो पहिल्या फेरीत चाले, असे हॉपर कौतुकाने सांगत. बाकीचे सगळे पेन्सिल आणि खोडरबरवाले.

या वह्यांतच पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज आहे. तुकडा बरोबर, वही बरोबर, तरी नव्या प्रोग्रॅममध्ये उतरवला की तो चुकायचा.

युद्ध संपले. लग्न मोडले होतेच. नौदलाच्या कायम सेवेसाठी वय जास्त म्हणून नकार आला आणि हार्वर्डमधले कंत्राटही संपले. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियात एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत रुजू झाल्या. जगातील पहिल्या व्यापारी संगणकांपैकी एक, 'युनिव्हॅक', तिथे आकार घेत होता आणि कंपनी पैशाअभावी बुडण्याच्या बेतात होती. युद्धकाळातील ताणाबरोबर वाढलेले दारूचे व्यसन याच सुमारास हाताबाहेर गेले. १९४९ च्या हिवाळ्यात त्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली. मित्र एडमंड बर्कली यांनी त्यांना आणि जवळच्या मंडळींना उघडपणे लिहिले, की ही असामान्य बुद्धी अशी वाया जाताना आपण पाहत राहणार का. त्या काळात अशा गोष्टी कुटुंबातही बोलल्या जात नसत. बर्कली यांनी त्या कागदावर लिहिल्या, हे मोठेच धाडस होते. त्यानंतर दोन-अडीच वर्षांच्या आत हॉपर यांनी आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे काम उभे केले. व्यसनातून बाहेर येण्याचा रस्ता सरळ रेषेत जात नाही. त्यांचाही गेला नसणार. पण हातात घेतलेले काम त्यांनी सुटू दिले नाही.

काम काय होते, हे समजण्यासाठी युनिव्हॅकच्या स्मृतीकडे पाहावे लागेल. तिच्यात एक हजार जागा होत्या आणि प्रत्येक जागेत १२ अक्षरे-आकडे मावत. हजार खोल्यांची एक चाळ समजा. खोल्यांना शून्यापासून ९९९ पर्यंत क्रमांक. आज्ञाही याच खोल्यांत राहणार आणि ज्या संख्यांवर गणित करायचे त्याही इथेच. आज्ञा साधारण अशी असते: अमुक क्रमांकाच्या खोलीतील संख्या घे, किंवा यापुढची आज्ञा तमुक खोलीतून वाच.

आता वहीतला 'साइन'चा तुकडा घ्या. वहीत तो शून्याव्या खोलीपासून सुरू होतो, कारण लिहिणाऱ्याला सोयीचे तेच. त्यात 'बाराव्या खोलीकडे जा' असे लिहिले आहे. नव्या प्रोग्रॅममध्ये शून्याव्या खोलीत दुसरेच बिऱ्हाड आहे. आपल्या तुकड्याला ३०० पासून जागा मिळाली. म्हणजे बाराचे ३१२ करायला हवेत. तुकड्यातल्या अशा प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवायचे, हाताने, उतरवता उतरवता. प्रोग्रॅमर बेरजा करण्यात वाईट असतात, हा हॉपर यांचा पहिला निष्कर्ष. त्याहून वाईट ते नक्कल करण्यात असतात, हा दुसरा. चारचा आकडा घाईत त्रिकोणासारखा दिसे, आणि त्रिकोण हे तर मोकळ्या जागेचे चिन्ह! 'बी' हे अक्षर तेरा म्हणून उतरे. यात अडाणीपणा कुणाचाच नव्हता. गणितातले डॉक्टरही याच चुका करत.

अशा चुकीचा खरा त्रास निराळाच. एक पत्ता बदलायचा राहून गेला, तर यंत्र थांबून तक्रार करत नाही. ते मुकाट बाराव्या खोलीत जाते, तिथे जे सापडेल ते संख्या किंवा आज्ञा समजून घेते आणि पुढे चालू लागते. बिघाड दिसतो तो बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी, अशक्य वाटणाऱ्या एखाद्या उत्तराच्या रूपात. दुखणे पाठीत आणि कळ पायात, तसे. मग आज्ञांचा कागद पसरून मागे मागे जात बसायचे. याच सुमारास, आठच्या पटीत मोजणाऱ्या 'बायनॅक' या यंत्राची हॉपर यांना इतकी सवय झाली, की त्यांच्या बँकेच्या चेकबुकाचा हिशेबच जुळेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने कागद तपासले तेव्हा उलगडा झाला: बाई अधूनमधून वजाबाक्या आठाच्या पद्धतीने करत होत्या. यंत्राला माणसाची भाषा येत नाही म्हणून माणूसच यंत्रासारखा होत चालला होता, आणि तेही वाईट प्रतीच्या यंत्रासारखा.

शेजारी काम करणाऱ्या बेटी होल्बर्टन यांनी १९५१ मध्ये माहिती क्रमवार लावण्यासाठीचा एक प्रोग्रॅम केला. माहितीचे वर्णन दिले, की तो त्यापुरता नवा प्रोग्रॅम स्वतःच लिहून देई. हॉपर यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बेरीज आणि नक्कल या दोन कामांत माणूस कच्चा, आणि संगणक नेमका याच दोन कामांत पक्का. मग वह्या माणसांनी कशाला उतरवायच्या?

ऑक्टोबर १९५१ ते मे १९५२ या काळात त्यांनी 'ए-झिरो' तयार केला. तपासून घेतलेले सगळे तुकडे चुंबकीय टेपवर साठवले आणि प्रत्येकाला ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा एक क्रमांक दिला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त कोणता तुकडा, कोणत्या संख्यांवर, कोणत्या क्रमाने हवा हे सांगायचे. टेपवरून तुकडा शोधणे, तो स्मृतीत मोकळ्या जागी बसवणे आणि त्यातले सगळे पत्ते त्या जागेनुसार बदलणे हे काम यंत्राचे. साहित्य गोळा करून एकत्र रचण्याचे काम, म्हणून त्याला 'कंपायलर' नाव पडले. आजच्या व्याख्येने पाहिले तर ते 'लिंकर' आणि 'लोडर' या हत्यारांच्या अधिक जवळचे होते. माणसाला वाचता येईल अशा सूत्रांपासून पूर्ण प्रोग्रॅम बनवणारे कंपायलर नंतर आले आणि ते इतरांनीही केले. पहिला कंपायलर कुणाचा, हा वाद त्यामुळे फारसा उपयोगाचा नाही. पत्ते सांभाळण्याची जबाबदारी माणसाकडून काढून घेणे ही कल्पना मात्र ए-झिरोमध्ये स्वच्छ दिसते.

एक अडचण मोठी गमतीची होती. टेप एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरणार. मागे घेतलेल्या तुकड्याचा पत्ता माहीत असतो, पण अजून न आलेल्या तुकड्याकडे उडी मारायची असेल तर? त्याला खोलीच मिळालेली नाही, पत्ता देणार कुठून? हॉपर यांना कॉलेजातले बास्केटबॉल आठवले. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत चेंडू एकदाच आपटायची मुभा होती. त्यामुळे तो सहकारी खेळाडूकडे टाकायचा, आपण पुढे पळायचे आणि तो परत घ्यायचा. त्यांनी स्मृतीच्या टोकाला थोडी जागा राखून ठेवली. पत्ता ठाऊक नसलेली उडी आधी तिथल्या एका खणाकडे मारायची आणि कुणाची वाट पाहतो आहोत, याची खूण ठेवायची. तो तुकडा आला आणि त्याला जागा मिळाली, की खणात त्याचा पत्ता लिहायचा. चाळीच्या दारातल्या टपालपेटीसारखे. नवे बिऱ्हाड कुठल्या खोलीत येणार हे अजून ठरले नसले, तरी त्याचे पत्र तिथे ठेवता येते. पत्ता मागाहून भरून घेण्याची ही पद्धत रूप बदलून आजच्या हत्यारांतही सापडते.

दुखणे अर्थात संपलेले नाही. आज मोबाइलचे अ‍ॅप लिहिणारा अभियंता 'डेव्हलपमेंट किट' नावाची हत्यारांची पेटी उतरवून घेतो. त्यात हॉपर यांच्या वहीतल्यासारखे हजारो तयार तुकडे असतात. त्याच्या स्वतःच्या संगणकावर सगळे चालते, सहकाऱ्याच्या संगणकावर मात्र फाइल सापडत नाही, कारण कुणीतरी फोल्डरचा पूर्ण पत्ता आज्ञेतच लिहून टाकलेला असतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर त्या नावाचे फोल्डरच नसते. स्मृतीचेही तसेच. एका तुकड्याने वापरून सोडलेली जागा दुसऱ्याला दिली जाते, आणि पहिला अजून जुना पत्ता घेऊन तिथेच जातो. अ‍ॅप बंद पडते ते तिसऱ्याच ओळीवर. खोल्या हजाराच्या ऐवजी अब्जावधी झाल्या, तरी चुकलेल्या पत्त्याचा माग काढायची रीत तीच राहिली: ज्या ठिकाणी कळ आली तिथून दुखण्याच्या जागेपर्यंत मागे जायचे.

ए-झिरो चालू लागला, तरी कुणी त्याला हात लावायला तयार नव्हते. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असे जाणकार ठामपणे सांगत. या विरोधात थोडा स्वार्थही होता. यंत्राचे पत्ते तोंडपाठ असणे ही तेव्हाच्या प्रोग्रॅमरांची प्रतिष्ठा होती. कंपायलरने बनवलेला प्रोग्रॅम हाताने लिहिलेल्यापेक्षा हळू चालतो, हा आक्षेप मात्र खराच होता. हॉपर यांचा हिशेब वेगळा होता: यंत्राची मिनिटे गेली तरी चालतील, माणसांचे चूक शोधण्यात जाणारे आठवडे वाचले पाहिजेत. १९५३ मध्ये सुधारलेला 'ए-टू' गिऱ्हाइकांना देताना कंपनीने तो उघडून बघायची आणि सुधारणा कळवायची मोकळीक दिली.

पुढची पायरी म्हणजे इंग्रजी शब्दांत लिहिता येणारी भाषा. गणिती चिन्हे पाहून हिशेबनीस बिचकतात, हे त्यांनी ओळखले होते. यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच, हे दाखवायला त्यांनी वरिष्ठांपुढे तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला, आणि वरिष्ठ हादरले. अमेरिकन यंत्राने फ्रेंच-जर्मन बोलावे, हे त्यांच्या पचनी पडेना! त्या प्रयत्नातून 'फ्लो-मॅटिक' भाषा आली आणि १९५९ पासून समितीने घडवलेल्या 'कोबोल'चा पाया बऱ्याच अंशी तीच ठरली. हॉपर यांना कोबोलची जननी म्हणतात; वास्तविक त्या सल्लागार होत्या, घडवणारे हात अनेक होते. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधील एकच प्रोग्रॅम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. यंत्र बदलले तरी प्रोग्रॅम तोच, हे तेव्हा अप्रूप होते.

१९६६ च्या अखेरीस वयामुळे नौदलाने त्यांना निवृत्त केले. सात महिन्यांनी, ऑगस्ट १९६७ मध्ये, सहा महिन्यांसाठी परत बोलावले. नौदलात प्रत्येक कंपनीचा कोबोल वेगळा झाला होता आणि एका यंत्रावरचे काम दुसऱ्यावर चालत नव्हते. हॉपर यांच्या गटाने कंपायलरचीच परीक्षा घेणारे प्रोग्रॅम तयार केले. जो कंपायलर त्यांत उत्तीर्ण होईल, तोच खरा. हत्यारातच खोट असेल तर त्याने केलेल्या प्रत्येक कामात ती उतरते, म्हणून आधी हत्यार तपासायचे. सहा महिन्यांचे काम जवळपास एकोणीस वर्षे चालले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल हॉपर बोस्टन बंदरातील 'कॉन्स्टिट्यूशन' या जुन्या युद्धनौकेवर निवृत्त झाल्या आणि एका संगणक कंपनीच्या सल्लागार झाल्या. व्याख्यानांत त्या श्रोत्यांना जेमतेम ३० सेंटिमीटरची तार वाटत: एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढे अंतर जाते, हे दाखवायला.

३१ डिसेंबर १९९९ च्या रात्रीपर्यंत जगायची त्यांची इच्छा होती. त्या रात्रीच्या मेजवानीत मागे वळून, संगणक हे सगळे करू शकेल असे आम्ही सांगत होतोच, हे शंकेखोरांना ऐकवायचे होते. १ जानेवारी १९९२ रोजी, ८५ व्या वर्षी, व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. आठ वर्षांनी ती रात्र आली तेव्हा जगभरचे कोबोल जाणणारे अभियंते मेजवानीऐवजी संगणकांसमोर जागत बसले होते. त्यांत मुंबई-पुण्यातलेही अनेक होते. ८० रकान्यांच्या कार्डाच्या आणि महागड्या स्मृतीच्या जमान्यात जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची सवय पडली होती, आणि मध्यरात्री ९९ नंतर ००, म्हणजे १९००, असे यंत्र समजेल अशी भीती होती. आधीची दोन-तीन वर्षे या अभियंत्यांनी कोट्यवधी ओळी उलगडून तारखा दुरुस्त करण्यात घालवली होती. ओळी इंग्रजी शब्दांत होत्या. ज्यांनी त्या लिहिल्या ते कधीच निवृत्त झाले होते, तरी दुसऱ्या देशातल्या नव्या पिढीला त्या वाचता आल्या.